नाचघराची लाकडं

होटगी स्टेशनातून निघालेली बैलगाड्यांची रांग दिवस कलायच्या आत सोलापुरात आली आणि बाळीवेशीजवळच्या वखारीसमोर थांबली. गाड्यांवर सागवानाचे खांब होते, तुळया होत्या, फळ्यांच्या चळती होत्या. मागच्या दोन गाड्यांत गवतात गुंडाळलेलं लोखंड आणि काच. पुढच्या गाडीवरून हरिबा मिस्त्री उतरला. खांद्यावरचं उपरणं सारखं करून तो दारात उभा राहिला, पण हाक मारीना.

दाक्षायणी माडीच्या खिडकीतून हे बघत होती. तिचा नवरा गुरुबसप्पा याच लाकडांसाठी संक्रांत झाल्यावर कारवारच्या खालच्या अंगाला, समुद्रकाठच्या कडलवाडीला गेला होता. जुन्या इमारती लिलावात घ्यायच्या, उतरवायच्या आणि त्यांचं लाकूड इथं आणून विकायचं, हा त्याचा धंदा. ज्येष्ठात तार आली की तो हिवतापानं गेला. तार हातात पडली तोवर त्याला तिकडंच माती दिलेली होती. मग पाऊस लागला, बंदरं बंद झाली, लाकडं झावळ्यांखाली पडून राहिली. दिवाळीनंतर हरिबाच पुन्हा तिकडं गेला आणि ती गलबतानं मुरगावला, तिथून हुबळीवरून आगगाडीनं होटगीला घेऊन आला. माणूस तिकडं राहिला आणि लाकडं घरी आली.

या सगळ्यात दाक्षायणीला रडू आलं नव्हतं. तार आली तेव्हा बायका गळ्यात पडून रडल्या, तर तिनंच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मैंदर्गीला दिलेली मुलगी येऊन महिनाभर राहिली, आईच्या तोंडाकडं बघून बघून थकली आणि परत गेली. लोक म्हणाले, मोठ्या धीराची बाई. धीर वगैरे काही नव्हतं. हातावर झोपून उठल्यावर तो हात आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं. फक्त मुंग्या येऊन तो जागा व्हायचा, तो होत नव्हता. सकाळी लिंगपूजा करायची, घरातलं बघायचं, रात्री आडवं व्हायचं. विचारलं तर उत्तर द्यायचं. न विचारता ती काही बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा दीर कल्लप्पा वर आला. थोरल्या भावामागं वखार आता तोच सांभाळत होता.

"वैनी, माल फार चांगला आहे," तो म्हणाला. "कारवारी सागवान, मुरलेलं. हातमाग घालणारे दोघंतिघं आत्ताच बघून गेले. फोडून निरनिराळं विकतो. तुमची हरकत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

पण दुपारी ती खाली उतरली. वखारीत तिनं कितीतरी महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. हरिबा आणि दोन गडी लाकडं रचत होते. हरिबा केमचा सुतार; गुरुबसप्पाबरोबर बरीच वर्षं गावोगाव हिंडलेला. तिला बघून तो बाजूला सरला. दाक्षायणी एका खांबाशी थांबली. खांबाच्या टोकाला पटाशीनं कोरलेली फुली होती. शेजारच्या तुळईवर दोन रेघा आणि चंद्रकोर होती. तिनं चळतीतली एक फळी बोटानं उचलून बघितली. तिच्यावरही खूण होती.

"हे काय आहे?"

"खुना हाईत, आक्का. कुटलं लाकूड कुटं बसतं त्याच्या."

"विकायचंच होतं तर खुणा कशाला?"

"त्ये मला न्हाय ठावं," हरिबा म्हणाला. "मालक म्हनले, येकूनयेक लाकडावर खून कर. मी केली."

"याचं सगळं मिळून काय होतं?"

"घर व्हतं. म्हंजे ऱ्हायचं घर न्हवं. सायेबलोक उन्हाळ्यात समुद्राला यायचे, त्येंचा क्लब. तितली मानसं नाचघर म्हनत्यात."

"म्हणजे ते पुन्हा उभं करता येईल."

"येईल की."

"मग करा," दाक्षायणी म्हणाली.

कल्लप्पाला हे कळलं तेव्हा तो जिन्यातच थांबला. एवढी मोठी इमारत कुठं उभी करायची, कुणासाठी करायची, असं त्यानं विचारलं. "बघायचंय," एवढंच ती म्हणाली. कल्लप्पा माणूस वाईट नव्हता. उभी इमारत कुणी अख्खी विकतही घेईल, असं त्यानं आपल्या मनाशी जुळवलं. खरं तर इतक्या महिन्यांत वहिनीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

अक्कलकोट रस्त्याला त्यांचा मळा होता. त्याच्या माथ्याला ज्वारीसुद्धा धड येत नसे असा एक खडकाळ तुकडा होता, तो ठरला. खांबांखालचे दगड कडलवाडीलाच राहिले होते. दगड कोण एवढ्या लांबून आणणार? हरिबानं इथल्या काळ्या दगडाचे गुडघाभर उंचीचे तळखडे घडवून घेतले. दाक्षायणी सकाळची कामं उरकली की बैलांच्या दमणीत बसून मळ्यात जाई आणि बाभळीखाली पोतं टाकून बसे. बरोबर भाकरी बांधून आणलेली असे. दीर-जावेला वाटलं, चार दिवस जाईल आणि कंटाळेल. ती रोज जात राहिली.

पहिल्यांदा हरिबाची चूक झाली. मोठं काम आधी संपवावं म्हणून त्यानं नाचाच्या दालनाचे खांब उभे केले. पण तुळया चढवायला गेला तर त्यांची टोकं टेकायला जागाच नव्हती. ती व्हरांड्याच्या खांबांवर टेकत होती, आणि व्हरांडा आतल्या एका लहान खोलीला टेकत होता. आठवडाभराचं काम त्याला उतरवून ठेवावं लागलं. संध्याकाळी तो दाक्षायणीपासून जरा लांब, उकिडवा बसला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "ह्ये समदं येका वेळचं बांधलेलं न्हाय. पिढीदोनपिढीत वाढत गेलेलं हाय. उतरवताना आमी शेवटचं आधी उतरवलं. आता उभं करायचं तर जे पयल्यांदा बांधलं त्येच पयल्यांदा बांदाया पायजे. मधलं सोडून न्हाय चालायचं."

"मग तसं करा."

म्हणून आधी ती लहान खोली उभी राहिली. चार खांब, वर उतरतं छप्पर, भिंतींना झिलमिल्या, आणि खाली फळ्याफळ्यांत बोटबोट अंतर सोडलेली जमीन. हरिबा काम करता करता सांगे, ते त्यानं कडलवाडीच्या एका म्हाताऱ्या बटलराकडून ऐकलेलं होतं. जंगलखात्याचा एक साहेब होता. उन्हाळ्यात त्याच्या मडमेला उकाडा सोसवत नसे. आधी त्यानं वाळूत झावळ्यांची खोप घातली. ती दर पावसाळ्यात उडून जाई. मग त्यानं जंगलातलं सागवान आणून ही खोली बांधली. मडमेनं एका दारानं आत यायचं, कपडे बदलायचे आणि दुसऱ्या दारानं थेट पाण्यात उतरायचं. परत आली की अंगावरचं पाणी फळ्यांतून खाली वाळूत जायचं.

"एक दार गावाकडं व्हतं, एक समुद्राकडं," हरिबा म्हणाला. "आता हितं समुद्राकडचं दार कुटं करायचं, त्ये सांगा."

दाक्षायणीनं चारी बाजूंना बघितलं. एकीकडं रस्ता, एकीकडं विहीर, आणि बाकी सगळीकडं ज्वारी.

"वारा कुठून येतो?"

"मावळतीकडनं."

"मग तिकडं करा."

ती खोली झाल्यावर दाक्षायणी बाभळीखाली बसेनाशी झाली. दुपारचं ऊन टाळायला ती त्या खोलीत बसे आणि तिथंच भाकरी खाई. हरिबा एकदोनदा काही म्हणायला आला आणि तसाच मागं फिरला. तिनं विचारलं नाही.

मग व्हरांडा आला. धारवाड-बेळगावच्या बाकीच्या साहेबांना त्या जागेचा सुगावा लागला, तेव्हा एका खोलीत कुणाकुणाचं भागणार? तीन बाजूंनी व्हरांडा काढला. त्याला विलायतेहून आणवलेल्या लोखंडी कमानी होत्या, त्यांत शंख आणि मासे ओतलेले. गवतातून त्या बाहेर काढल्या तेव्हा गंज हातांना लागला. दाक्षायणीनं पदरानं एक मासा पुसला आणि हात झटकला.

"आधी सायेबलोक पान्यात शिराया यायचे," हरिबा म्हणाला. "व्हरांडा झाल्यावर नुसते पान्याकडं बघाया यायला लागले. खुर्च्या टाकायचे आन् बसायचे. मालकबी हितंच बसायचे."

"कोण?"

"मालक. आपले."

हरिबानं कमान बसवली, हातोडी खाली ठेवली आणि सांगू लागला. कडलवाडीला पोचल्यावर गुरुबसप्पानं लगेच काम सुरू केलंच नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणत महिना घालवला. गडी रिकामे बसून पत्ते खेळायचे. मालक सकाळी उठून अनवाणी वाळूत जायचे, कोट नाही, पागोटं नाही. एकदा एक खेकडा पायावरून पळाला तर केवढ्यांदा हसले. एका कोळ्याला पाण्यावर तरंगायचं शिकवायला लावलं. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं तरी सोडलं नाही; शेवटी पाठीवर पडून तरंगायला लागले आणि हरिबाला हाक मारून दाखवलं.

दाक्षायणी ऐकत होती. वीसेक वर्षांच्या संसारात तिनं गुरुबसप्पाला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. तो वखारीतून येई, पाय धुई, जेवे, झोपे. मारलं नाही, टाकून बोलला नाही, आणि फारसा बोललाही नाही. कोट काढून उघड्यावर हिंडणारा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. हरिबा दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याची गोष्ट सांगतोय, असं तिला वाटत राहिलं.

"मला का नेलं नाही?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. मीठ किती राहिलंय असं विचारावं तसं विचारलं.

"कामाला कोन बायकूला नेतं, आक्का."

"पण काम तर करत नव्हते."

यावर हरिबानं हातोडी उचलली.

राणीच्या ज्युबिलीच्या साली क्लबानं व्हरांड्याला लागून नाचाचं दालन बांधलं होतं. पौषात ते मळ्यात उभं राहिलं. त्याच्या जमिनीवर चाललं तर फळ्या किंचित दबून वर येत. मजेची गोष्ट म्हणजे एवढ्या मोठ्या दालनाला समुद्राच्या बाजूनं एकही खिडकी नव्हती. त्या बाजूला बँड वाजवणाऱ्यांचा चौथरा होता. साहेब आणि मडमा समुद्रकाठी येऊन समुद्राकडं पाठ करून नाचत. त्यानंतर, जर्मन लढाईच्या थोडं आधी, दुसऱ्या टोकाला चहा प्यायची काचेची खोली आली. तिच्या निम्म्या काचा गाडीत फुटल्या होत्या, तिथं हरिबानं गोणपाट लावलं. आणि मग मोटारी आल्या. साहेब मोटारीनं थंड हवेच्या डोंगरावर जायला लागले. कडलवाडीला कुणी येईना. क्लबाला कुलूप लागलं, पावसानं पत्रा खाल्ला, आणि शेवटी लिलाव झाला.

दाक्षायणीनं हे सगळं बांधलं जाताना बघितलं, ज्या क्रमानं ते समुद्रावर वाढलं त्याच क्रमानं. पुरं झालेलं नाचघर ज्वारीच्या कडेला उभं राहिलं तेव्हा रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघू लागले. बाजारच्या दिवशी बायका डोक्यावरच्या पाट्या सावरत आत येऊन जायच्या. मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका धनगरानं विचारलं, देऊळ कुठल्या देवाचं. दाक्षायणी म्हणाली, देव नाही. तरीही त्यानं पायरीला हात लावला.

माघात कल्लप्पा एका डॉक्टरांना घेऊन आला. ते एका गिरणीच्या दवाखान्यात होते आणि छातीच्या रोग्यांसाठी मोकळी, हवेशीर जागा शोधत होते. डॉक्टर सगळीकडं हिंडले, झिलमिल्या उघडून मिटून बघितल्या, दालनात उभं राहून खोल श्वास घेतला.

"उत्तम," ते म्हणाले. "व्हरांड्यात खाटा राहतील. दालन, व्हरांडा, काचेची खोली, सगळं दवाखान्याच्या आवारात हलवू. ही मधली खोली मात्र नको. कोंदट आहे, उगीच हवा अडवते. तिच्या जागी आम्ही नवे खांब घालू."

"ती वेगळी विकून टाकू," कल्लप्पा म्हणाला. "मागवाले नेतील."

दाक्षायणीनं मान हलवली. तिला कशाचंच काही वाटलं नाही. बघायचं होतं, बघून झालं होतं.

डॉक्टरांचा टांगा गेल्यावर कल्लप्पा विहिरीकडं गेला. दाक्षायणी त्या खोलीत जाऊन बसली आणि तिनं भाकरीचं फडकं सोडलं. हरिबा दारात आला. या वेळी तो मागं फिरला नाही.

"आक्का, ही खोली मागवाल्याला देऊ नगासा."

"का?"

"मी तुमास्नी सांगितलं न्हाय. सांगायला पायजे व्हतं." तो उंबऱ्यापाशी खाली बसला. "समदं उतरवून झालं व्हतं. ही येकच खोली उभी व्हती. पाऊस तोंडावर आल्ता. मालकास्नी ताप भरला, तवा झोपवायला दुसरी जागाच न्हवती. हितं ठेवलं. हितंच गेले. दुसऱ्या दिशी मी ही उतरवली."

दाक्षायणीच्या हातात घास होता. तिनं तो परत फडक्यात ठेवला.

"मी दोन महिने इथं बसून भाकरी खाल्ली," ती म्हणाली. "तू बघत होतास."

"व्हय."

"रोज बघत होतास."

"व्हय. सांगायचं म्हनून येत व्हतो. तुमी जेवत असायच्या. न्हाय सांगवलं."

तिच्या कानामागं काहीतरी तापलं. तो राग आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. इतक्या महिन्यांत तिला राग आला नव्हता. तिनं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"डोकं कुठं होतं?"

हरिबानं दाखवलं. समुद्राच्या दाराकडं.

"शेवटी काय म्हणाले?"

"भरती आली का, म्हून इचारायचे. सारखं त्येच. मी म्हनायचो, आली. मग गप पडायचे. आन् येकदा म्हनले, ही खोली उतरवशील तवा मोडू नगं."

"माझं नाव काढलं?"

हरिबानं वर बघितलं नाही. "न्हाय," तो म्हणाला. "कुनाचंच न्हाय काढलं, आक्का."

"मातीला कोण होतं?"

"आमी गडी. जंगम लांबनं आणला. क्लबाच्या मागं सुरूची झाडं हाईत, तितं बसवलं त्येंना. हातात लिंग दिलं. समदं रीतीनं केलं."

कल्लप्पा विहिरीवरून परत आला तेव्हा दाक्षायणी पायरीवर उभी होती.

"भावजी, डॉक्टरांना बाकीचं सगळं द्या," ती म्हणाली. "ही खोली राहू दे."

"वैनी, एवढीशी खोली माळावर ठेवून करायचं काय?"

"मी बसेन."

कल्लप्पानं हरिबाच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या. "बरं," तो म्हणाला.

फाल्गुनात डॉक्टरांच्या गाड्या आल्या. काचेची खोली आधी गेली, मग दालन, मग व्हरांडा. लोखंडी मासे पुन्हा गवतात गुंडाळले गेले. हरिबानं उतरवलं आणि दवाखान्याच्या आवारात जाऊन पुन्हा उभं करून दिलं. काम संपल्यावर तो केमला जायला निघाला तेव्हा निरोप घ्यायला वखारीत आला. दाक्षायणीनं त्याला जेवायला वाढलं. ती त्याच्यावर अजून रागावलेली होती, आणि हे तिनं लपवलं नाही; वाढताना एक शब्द बोलली नाही. जाताना मात्र म्हणाली, "पावसाळा झाला की मला तिकडं जायचंय. तुला यावं लागेल."

"येतो," हरिबा म्हणाला.

दिवाळी झाल्यावर ती गेली. कल्लप्पा बरोबर होता आणि हरिबाही. होटगीहून हुबळी, हुबळीहून पुढं मोटारसर्व्हिसनं घाट उतरून, मग एका होडीतून. वाटेत कल्लप्पाला उलट्या झाल्या. दाक्षायणी त्याला लिंबू चोखायला देत होती आणि बाहेर बघत होती. घाटातली एवढी झाडी तिनं कधी बघितली नव्हती, पण बघून तिला काही वाटलं असं नाही.

सुरूच्या झाडांत एक मातीचा उंचवटा होता. पावसानं तो खचला होता. तिनं त्यावर विभूती वाहिली, फुलं ठेवली. कल्लप्पा मोठ्यानं रडला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि सोलापुरात बायकांच्या पाठीवरून फिरवला तसा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नंतर हरिबा समाधीवर दगड बसवायचं बघायला गावात गवंड्याकडं गेला आणि ती झाडांतून पुढं निघाली. पुढं समुद्र होता.

समुद्राआधी तिला दगड दिसले. वाळूतून वर आलेले, रांगेत, शेवाळलेले तळखडे. कुणीतरी त्यांच्यावर जाळं वाळत घातलं होतं. दाक्षायणी थांबली. ही सगळ्यात मोठी रांग म्हणजे दालन. तो चौथऱ्याचा कोपरा. हा व्हरांडा, इथून वळणारा. ती दगडादगडांतून चालत गेली. पायाखाली वाळूच होती, पण कुठून आत जायचं आणि कुठं वळायचं हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. मधल्या चार दगडांपाशी ती आली. तिथं वाळू ओली होती.

जाळं सोडवायला एक कोळीण आली. तिनं कानडीत विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही. इथं एक घर होतं."

"होतं. मोडून नेलं कुणी परगावच्यांनी."

"आम्हीच नेलं," दाक्षायणी म्हणाली.

कोळीण तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं जाळ्याचं एक टोक दाक्षायणीच्या हातात दिलं, धरा म्हणाली, आणि दुसरीकडून गुंडाळायला लागली. "माझी सासू त्या मडमांचे टॉवेल धुवायची," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा फक्त कुलूप होतं. आत काय होतं कुणाला माहीत."

तेव्हा दाक्षायणीनं तिला सांगितलं. आधी इथं झावळ्यांची खोप होती आणि ती उडून जायची. मग जंगलखात्याच्या साहेबानं या चार दगडांवर खोली बांधली, तिला दोन दारं होती. मग लोक नुसते बघायला यायला लागले म्हणून व्हरांडा आला. दालनाला समुद्राकडं खिडकी नव्हती, हे ऐकून कोळीण हसली. दाक्षायणी बोलत होती, हात करून दाखवत होती, जाळ्याचं टोक तिच्या हातात तसंच होतं. कल्लप्पा सुरूच्या झाडांपाशी येऊन उभा राहिला. वर्ष-दीड वर्षात वहिनीला इतकं बोलताना त्यानं ऐकलं नव्हतं, म्हणून तो पुढं गेला नाही.

"आणि या खोलीत माझे मालक वारले," दाक्षायणी शेवटी म्हणाली.

कोळिणीनं गुंडाळायचं थांबवलं. "ते तुमचे? तापानं गेले ते?"

"तुम्ही बघितलं होतं?"

"लांबून. माझ्या नवऱ्यानं त्यांना तरंगायला शिकवलं."

दाक्षायणीला त्या नवऱ्याला भेटायचं होतं, पण तो होडी घेऊन गेला होता आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हता. कोळीण जाळं डोक्यावर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, पाणी चढतंय, लुगडं भिजेल. दाक्षायणी चारांतल्या एका दगडावर बसली. पहिली लाट बरीच पलीकडंच विरली, दुसरी पावलांपर्यंत आली आणि वाळू ओढून घेऊन गेली. पाणी गार असेल असं तिला वाटलं होतं. ते कोमट होतं.

कल्लप्पा जवळ आला. "वैनी, निघायचं? हरिबा गवंड्याला घेऊन आलाय."

"संध्याकाळपर्यंत थांबू या," ती म्हणाली. "तो कोळी येईल. मला त्याच्याशी बोलायचंय."

"बरं."

"आणि भावजी, मला भूक लागली आहे. गाठोड्यात काय आहे?"

कल्लप्पानं गाठोडं सोडलं. घरून आणलेल्या कडक भाकऱ्या होत्या, शेंगांची चटणी होती. तो शेजारच्या दगडावर बसला. तिनं भाकरी मोडली, चटणी लावून खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.